२८ एप्रिलला मत कोणाला? कॅनडातल्या मराठी मतदारांशी बोलायचंय

क्रेडिटकाठ, मिसिसागा · ६ एप्रिल २०२५

येत्या २८ तारखेला फेडरल निवडणूक आहे आणि माझं हे पहिलंच फेडरल मत. २०२२ साली नागरिकत्वाची शपथ घेतली, भारतीय पासपोर्ट सरेंडर केला, त्याबरोबर लोकसभेचं मतही गेलं. आता हातात हे एकच मत आहे. ते विचार न करता टाकायची माझी तयारी नाही, म्हणून हा धागा.

डिसेंबरपर्यंत माझं ठरलेलं होतं. नोव्हेंबर २०१५ पासून एकच पक्ष, लिबरल, सत्तेत आहे, आता बदल हवा. आम्ही २०२० च्या सप्टेंबरात टाउनहाउस घेतलं, गृहकर्जाला पाच वर्षांचा फिक्स्ड दर, दोन टक्क्यांच्या आत. या सप्टेंबरात रिन्यूअल आहे, म्हणजे नवा दर लागणार, आणि बँकेने दाखवलेला नवीन हप्ता बघून दोन रात्री झोप लागली नाही. फॅमिली डॉक्टर मिळायला अडीच वर्षं गेली. १६ डिसेंबरला अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी राजीनामा दिला तेव्हा वाटलं, सरकारलाही हे कळून चुकलंय. ६ जानेवारीला पंतप्रधान ट्रुडो यांनी पद सोडायचं जाहीर केलं. त्या दिवसांत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष पाहण्यांमध्ये वीसहून जास्त टक्क्यांनी पुढे होता आणि मी मनाने त्याच रांगेत होते.

मग ट्रम्प यांनी कॅनडाला ५१वं राज्य म्हणायला सुरुवात केली, टॅरिफ आले, आणि माझं मन हललं. ९ मार्चला मार्क कार्नी लिबरल पक्षाचे नेते झाले, १४ ला पंतप्रधान, २३ ला संसद विसर्जित. १ एप्रिलपासून पेट्रोलवरचा कार्बन टॅक्सही त्यांनीच शून्यावर आणला, लिटरमागे साडेसतरा सेंटच्या वर होता तो. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर माझा राग होता, ट्रुडो आणि तो टॅक्स, त्या दोन्ही आता मतपत्रिकेवर नाहीत. तरी हप्ता आहे तिथेच आहे.

तुम्ही कसं ठरवताय? घरखर्चावर की सरहद्दीवर? आणि एक विनंती. 'भारतासाठी कोण चांगला' एवढ्यावर चर्चा नको. २०२३ च्या सप्टेंबरपासून दोन्ही सरकारांत जे बिघडलं त्याचा त्रास आपण व्हिसाच्या रांगेत सोसला आहे, ते मी विसरलेले नाही. पण मुलं या शाळेत जातात, कर इथे भरतो.

रिडोकिनारा, ओटावा · ६ एप्रिल

चांगला धागा. एक दुरुस्ती करतो, राग मानू नका. फॅमिली डॉक्टर हा प्रांताचा विषय आहे. ओटावातून पैसे जातात, पण डॉक्टर किती आणि कुठे हे ओंटारिओ सरकार ठरवतं, आणि त्या सरकारसाठी आपण २७ फेब्रुवारीलाच मत देऊन बसलोय. शाळा प्रांताच्या, कचरा आणि बस शहराच्या. फेडरल मताने ठरतं ते इमिग्रेशन, व्यापार, संरक्षण, फेडरल कर, बँकांचे नियम, ईआय (बेकारी विमा), आणि बऱ्याच अंशी डेंटल आणि डे-केअरचे पैसे.

तुमच्या हप्त्याबद्दल: मूळ व्याजदर बँक ऑफ कॅनडा, म्हणजे इथली रिझर्व्ह बँक, ठरवते आणि ती कोणत्याही पंतप्रधानाचं ऐकत नाही. दोन्ही मोठे पक्ष देतायत ते वेगळंच आहे. सर्वांत खालच्या टप्प्याचा आयकर लिबरल १५ वरून १४ टक्के करणार, कॉन्झर्व्हेटिव्ह १२.७५. नव्या घरावरचा जीएसटी लिबरल फक्त पहिलं घर घेणाऱ्याला दहा लाख डॉलरपर्यंत माफ करणार, कॉन्झर्व्हेटिव्ह तेरा लाखांपर्यंतच्या नव्या घरावर सगळ्यांनाच. रिन्यूअलवाल्यांना यातून थेट काहीच नाही.

बोकाठ, कॅल्गरी · ७ एप्रिल

मला ही 'सरहद्द' अचानक आठवणं पटत नाही. आम्ही अल्बर्टात दहा वर्षं ओरडतोय की सगळं तेल एकाच गिऱ्हाइकाला विकू नका. नॉर्दर्न गेटवे पाइपलाइन २०१६ मध्ये नाकारली. एनर्जी ईस्ट २०१७ मध्ये बारगळली. पश्चिम किनाऱ्याच्या उत्तर भागात टँकरबंदी आणली. प्रकल्पांच्या मंजुरीचा असा कायदा केला की कंपन्या अर्जच करेनाशा झाल्या. ट्रान्स माउंटन २०१८ मध्ये सरकारला साडेचार अब्जांना विकत घ्यावी लागली आणि ती पुरी व्हायला २०२४ उजाडलं. ज्यांनी हे केलं तेच आता अमेरिकेवर अवलंबून राहू नका म्हणून मत मागतात. मंत्रिमंडळात बरेचसे चेहरे तेच आहेत. मी २०१५ मध्ये नोकरी गमावली, सोळा महिने घरी होतो, त्या काळात बायकोने दोन ठिकाणी काम केलं. हे सगळं एका माणसाच्या बदलण्याने पुसलं जात नाही.

आणि आकडे बघा. २०२१ मध्ये देशभर कॉन्झर्व्हेटिव्हना ३३.७ टक्के मतं, लिबरलना ३२.६. जागा? ११९ आणि १६०. २०१९ मध्येही असंच. आमची मतं अल्बर्टा-सस्कॅचेवानात ढिगाने पडतात आणि तिथेच मुरतात. ट्रुडोंनी २०१५ मध्ये ही पद्धत बदलायचं वचन दिलं होतं, २०१७ च्या फेब्रुवारीत सोडून दिलं. माझं मत कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पिएर पोलिएव यांच्या पक्षाला.

क्रेडिटकाठ · ७ एप्रिल

बोकाठ, तुमच्या सोळा महिन्यांबद्दल वाचून गप्प झाले. पाइपलाइनचं हे सगळं मी कधी ओळीने वाचलंच नव्हतं, इथे टोरोंटोच्या बातम्यांत ते तुकड्यातुकड्यांत येतं. पद्धतीचं म्हणाल तर ती आपल्या लोकसभेचीच आहे, ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून. म्हणून तर मिसिसागात बसून मी एवढी डोकं पिकवतेय. मिसिसागाच्या सहाही जागा २०१५, २०१९ आणि २०२१ मध्ये लिबरलकडे गेल्या, पण या वेळी इथे सगळं काठावर आहे असं प्रत्येक लॉन साइन (घरापुढची प्रचारपाटी) मोजताना वाटतं.

टूलरूम, विंडसर · ९ एप्रिल

सात वर्षं भोसरीला टूलरूममध्ये काढली, २०११ पासून विंडसरमध्ये आहे. आमचं दुकान इंजेक्शन मोल्ड बनवतं. बंपर, डॅशबोर्ड, दरवाज्यांची आतली पॅनेल. घरखर्च की सरहद्द, असं विचारलंत. विंडसरमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. नदीपलीकडे डेट्रॉइट, मध्ये अँबॅसडर ब्रिज, आणि तो पूल म्हणजेच आमचा घरखर्च.

बाहेर लोकांना वाटतं की गाडी इथे बनते आणि तिकडे विकली जाते. तसं नाहीये. १९६५ च्या ऑटो पॅक्टपासून दोन्ही काठ मिळून एक कारखाना आहे. ओतकाम ओंटारिओत, मशिनिंग मिशिगनमध्ये, पुन्हा इकडे असेंब्ली, मग गाडी तिकडे. एकच भाग पूल अनेकदा ओलांडतो. ३ एप्रिलला गाड्यांवर २५ टक्के टॅरिफ लागलं, अमेरिका-मेक्सिकोबरोबरच्या व्यापार करारात बसणाऱ्या गाड्यांमधल्या अमेरिकी मालाला सूट आहे, पण तो हिशोब कोणी कसा मांडायचा हे पुरवठादारांना अजून नीट कळलेलं नाही. इथली मोठी असेंब्ली ७ तारखेपासून दोन आठवडे बंद आहे. ती बंद झाली की सीट बनवणारा दुसऱ्या दिवशी बंद, ट्रकवाला तिसऱ्या दिवशी. आम्हाला लगेच फटका नाही, कारण मोल्डची ऑर्डर वर्ष-दीड वर्ष आधी येते. पण नवीन कोटेशन थांबलीत. मार्चमध्ये तीन मागवली होती, तिन्ही 'नंतर बघू'. याचा अर्थ भोसरीवाल्यांना सांगायला नको, पुढच्या वर्षी मशिन रिकामी.

शॉप फ्लोअरवर काय चाललंय ते सांगतो. माझ्या शेजारच्या सीएनसीवरचा माणूस तीस वर्षं एनडीपीला (डावीकडचा न्यू डेमोक्रॅटिक पक्ष) मत देत आला, युनियनवाला. यंदा तो कॉन्झर्व्हेटिव्ह. त्याचं म्हणणं, आमच्या हाताच्या कामाबद्दल पोलिएव बोलतात, बाकीचे पदवीवाल्यांबद्दल बोलतात. त्याला घर घेता येत नाही, वय ५२. हा राग खरा आहे, त्याला अडाणी म्हणणाऱ्यांचं मला आवडत नाही. मी स्वतः कार्नींच्या बाजूने झुकलोय. टॅरिफला उत्तर देण्याच्या बाबतीत दोन्ही पक्षांत फारसा फरक नाही, प्रत्युत्तर दोघेही देणार. फरक आहे तो पुढच्या वर्षी करार पुन्हा उघडेल तेव्हा टेबलावर कोण बसेल याचा. २००८ च्या मंदीत हा माणूस बँक ऑफ कॅनडाचा गव्हर्नर होता, ब्रेक्झिटच्या वेळी बँक ऑफ इंग्लंडचा. एकही निवडणूक लढलेला नाही, हीही खरी गोष्ट, आणि ती मला खटकते.

डॉनखोरे, टोरोंटो · १० एप्रिल

मी १९७४ पासून इथे. वय ७६. तुम्ही सर्व मुलांसारखे, म्हणून थोडं लांबण लावतो.

हा प्रसंग मी एकदा पाहिलेला आहे. २१ नोव्हेंबर १९८८. तेव्हाही एकच विषय होता, अमेरिका. ब्रायन मुलरोनी यांनी मुक्त व्यापाराचा करार केला होता आणि जॉन टर्नर यांचे लिबरल त्याच्या विरोधात. लिबरलांची टीव्हीवर एक जाहिरात यायची. दोन्ही देशांचे अधिकारी वाटाघाटीला बसलेत, अमेरिकी म्हणतो, एक रेघ बदलायची आहे, आणि खोडरबराने नकाशावरची सरहद्दच खोडतो. आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये लोक त्याबद्दल बोलत होते ते माझ्या कानात अजून आहे. वादविवादानंतर वाटलं टर्नर जिंकतात. पण लिबरल ८३ आणि एनडीपी ४३ असे विभागले गेले. कराराच्या विरोधातल्या या दोन पक्षांना मिळून निम्म्याहून जास्त मतं होती, तरी ४३ टक्के मतांवर मुलरोनींना २९५ पैकी १६९ जागा. १ जानेवारी १९८९ ला करार लागू झाला.

मी स्कारबरोत ज्या कारखान्यात होतो तो १९९१ मध्ये बंद पडला. माल अमेरिकेतल्याच मोठ्या शाखेतून यायला लागला. दोनशे माणसं. मी पुन्हा शिकून एचव्हीएसीमध्ये (हीटिंग-एसीच्या कामात) गेलो, वयाच्या ४२ व्या वर्षी. पण टूलरूम म्हणतात तशी विंडसरची भरभराटही त्याच व्यापारावर झाली. दोन्ही खरं. १९८८ ला कराराच्या विरोधात लढलेला पक्षच आज तो व्यापार वाचवायला मत मागतो आहे, ही वाट मी सगळी पाहिली.

१९९३ ही आठवतं. मुलरोनींच्या पक्षाला जीएसटी आणि बेकारी भोवली आणि दोन जागा उरल्या. संपूर्ण देशात दोन. अधिकृत विरोधी पक्ष झाला ब्लॉक केबेक्वा, ज्याला केबेक वेगळा हवा होता. म्हणून पाहण्या बघून कोणी निश्चिंत होऊ नये आणि निराशही होऊ नये.

बरार्डइनलेट, बर्नबी · १२ एप्रिल

कोणीच एनडीपीबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. माझी आई ७३ वर्षांची, पीआर (कायमची रहिवासी) आहे. २०२४ मध्ये तिला सरकारी डेंटल योजनेतून कवळी मिळाली. त्याआधी दोन वर्षं ती भाकरी दुधात भिजवून खात होती आणि आम्हाला सांगत नव्हती, मला एकदा स्वयंपाकघरात दिसलं तेव्हा कळलं. ही योजना लिबरल सरकारने आपणहून आणलेली नाही. २०२१ नंतर सरकार अल्पमतात होतं, मार्च २०२२ मध्ये एनडीपीने पाठिंब्याचा करार केला आणि त्या बदल्यात डेंटल आणि औषधांची योजना मागून घेतली. २५ खासदारांच्या जोरावर. पक्षाचे नेते जगमीत सिंग यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये तो करार मोडला, तो चुकला असं मला वाटतं, पण कवळी आईच्या तोंडात आहे.

आता मला सगळे म्हणतायत, एनडीपीला मत म्हणजे मतविभाजन, कॉन्झर्व्हेटिव्ह येतील. सिंग यांची स्वतःची जागासुद्धा इथे बर्नबी सेंट्रलमध्ये धोक्यात दिसते. पक्षाला १२ जागा मिळाल्या नाहीत तर संसदेत अधिकृत पक्षाचा दर्जा जातो, मग समितीत जागा नाही, प्रश्नोत्तराच्या तासात हक्काचा वेळ नाही. पुढच्या वेळी अशी योजना मागून घ्यायला कोण उरणार? मी एनडीपीलाच देणार.

टूलरूम · १२ एप्रिल

कवळीचं वाचून आईची आठवण झाली. विंडसर वेस्टला २००२ पासून एनडीपीचा खासदार आहे, कामाचा माणूस आहे. माझ्यापुढेही हाच पेच आहे. माणूस बघायचा की पंतप्रधान?

रिडोकिनारा · १३ एप्रिल

कायद्याने तुम्ही फक्त माणसाला मत देता. पंतप्रधानाचं नाव देशातल्या ३४३ पैकी एकाच रायडिंगच्या (मतदारसंघाच्या) मतपत्रिकेवर असतं, कार्नींचं आमच्या शेजारी नेपियनमध्ये. अवांतर: पोलिएव यांच्या कार्लटनमध्ये या वेळी ९१ उमेदवार आहेत. निवडणूक पद्धत बदला म्हणणाऱ्या गटाने निषेध म्हणून एवढे उभे केलेत, मतपत्रिका जवळजवळ मीटरभर लांब. आणि महाराष्ट्रातून आलेल्यांसाठी एक गोष्ट: इथे पक्षांतरबंदी कायदा नाही. निवडून आलेला खासदार दुसऱ्या दिवशी बाक बदलू शकतो आणि त्याचं पद जात नाही. म्हणून माणूस बघाच.

शेरिडन_स्टेशन, ब्रॅम्प्टन · १४ एप्रिल

मी मतदार नाही, लिहू का म्हणून दोनदा विचार केला. नांदेडचा आहे. कॉलेज झालं, पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट नोव्हेंबरात संपतं. २५ मार्चला एक्स्प्रेस एंट्रीत (पीआरसाठीची गुणांची पद्धत) नोकरीच्या ऑफरचे गुण काढून टाकले, माझे पन्नास गेले. ते काढण्याचं कारण मला मान्य आहे, इथे खोट्या ऑफर विकल्या जात होत्या. पण माझी ऑफर खरी होती. घरी एकरभर विकून वडिलांनी पहिल्या वर्षाची फी भरली.

मागच्या ऑक्टोबरात सरकारने २०२५ साठी पीआरचा आकडा पाच लाखांवरून ३,९५,००० वर आणला. पोलिएव म्हणतात घरं बांधू त्यापेक्षा जास्त माणसं नकोत, कार्नी म्हणतात घरं होईपर्यंत मर्यादा. फरक शोधायला मी दोघांची भाषणं पूर्ण ऐकली. तुमच्या दारात उमेदवार येतात, माझ्या बेसमेंटच्या दारात कोणी येत नाही, यादीत नावच नाही ना. तुम्ही त्यांना एवढंच विचारा: जे आधीच इथे आहेत, कर भरतायत, त्यांचं काय? नंतर कोणाला मत द्यायचं ते तुमचं.

मी प्रचारात स्वयंसेवक म्हणून जातो. त्याला नागरिकत्व लागत नाही. कुठल्या पक्षाकडून ते इथे सांगत नाही.

बोकाठ · १४ एप्रिल

विचारीन. शब्द देतो. माझ्या उमेदवाराच्या ऑफिसात शनिवारी फोन करायला बसतो, तिथेच विचारतो.

क्रेडिटकाठ · १५ एप्रिल

आज संध्याकाळी एका पक्षाचे स्वयंसेवक आले होते. शेरिडन, तुझा प्रश्न जसाच्या तसा विचारला. मुलगी विशी-बाविशीची होती, म्हणाली माहीत नाही, विचारून कळवते, आणि नंबर लिहून घेतला. खरंच नांदेडहून एवढ्या लांब येऊन एकट्याने हे सगळं पेलतोस. १९ ला जेवायला ये, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.

लाशीन, माँट्रियाल · १८ एप्रिल

दोन्ही डिबेट पाहिले. फ्रेंच डिबेट १६ ला दोन तास आधी घेतलं, कारण त्याच रात्री कॅनेडियन्सची, आमच्या हॉकी टीमची, मॅच होती. इथे राहणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही. कार्नींचं फ्रेंच अडखळतं. एरवी केबेकमध्ये एवढ्यावर माणूस संपतो. पण माझे शेजारी, जन्मभर ब्लॉकला मत देणारे, या वेळी लिबरलला देणार म्हणतात. त्यांच्या मते भाषा वाचवायची तर आधी देश वाचायला हवा, अमेरिकेत फ्रेंचला कोण विचारतं. ब्लॉकचे नेते ब्लांशे यांचं म्हणणं, वाटाघाटीत केबेकच्या दूधवाल्यांचा बळी जाऊ नये यासाठी ब्लॉक हवा. त्यात दम आहे. केबेकच्या ७८ जागांवरच बहुमत होतं की नाही ते ठरेल, १७२ लागतात.

इंग्रजी डिबेटमध्ये पोलिएव यांनी हरवलेलं दशक हा मुद्दा चांगला मांडला. कार्नींनी सांगितलं की तुम्ही ट्रुडो आणि कार्बन टॅक्सविरुद्ध लढत होतात, ते दोन्ही गेले. माझं मत अजून ठरत नाही.

क्रेडिटकाठ · २१ एप्रिल

काल ॲडव्हान्स पोलला मत देऊन आले. एक तास चाळीस मिनिटं रांग, ईस्टरचा रविवार असून. पुढे एक पोलिश आजी, मागे तरुण तमिळ जोडपं, दोघांनी बाळाला आळीपाळीने धरलं होतं. ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं, कागद मिळाला, पुठ्ठ्याच्या आडोशामागे पेन्सिल. चिन्हं नाहीत, नुसती नावं आणि खाली पक्ष. बोटाला शाई नाही, ते जरा चुकल्यासारखं वाटलं.

मी लिबरल उमेदवाराला मत दिलं. बोकाठ, तुम्हाला हे आवडणार नाही, आणि तुमचं पाइपलाइनचं म्हणणं मला अजूनही बरोबर वाटतं. पण टूलरूमच्या तीन कोटेशननी माझं ठरवलं. वाटाघाटीच्या टेबलाची मला जास्त भीती वाटते. हप्त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं आणि त्या बाबतीत मी मत देतानाही नाराजच होते. नवऱ्याने कॉन्झर्व्हेटिव्हला दिलं. त्याचं कारण घर, आणि ते माझंही डिसेंबरातलं कारण होतं.

त्या मुलीचा फोन आला नाही.

शेरिडन_स्टेशन · २१ एप्रिल

ताई, पिठलं आणि ठेच्याबद्दल आभार. चौदा महिन्यांनी खाल्लं.

बोकाठ · २१ एप्रिल

आवडलं नाही, पण सांगितलंत हे आवडलं. शेरिडन, मी शनिवारी विचारलं. उमेदवार स्वतः होते. म्हणाले, इथे आधीपासून असलेल्यांना आधी घ्यावं असं त्यांचं मत आहे, पण पक्षाने तसं लिहून दिलेलं नाही. त्यांनी जेवढं म्हटलं तेवढंच सांगतोय, जास्त आशा लावत नाही. मी २८ लाच जाणार, संध्याकाळी साडेसातपर्यंत आहे इथे. कामावरून सुटायला उशीर होत असेल तर मालकाने सलग तीन तास द्यायलाच हवेत, हे नवीन मतदारांनी लक्षात ठेवा.

डॉनखोरे · २२ एप्रिल

इलेक्शन्स कॅनडाने आज सांगितलं, चार दिवसांत ७३ लाख लोकांनी ॲडव्हान्स मत दिलं, आजवर सर्वांत जास्त.

आम्हा दोघांना रांगेत उभं राहवत नाही. सौ.चा गुडघा. म्हणून आज इलेक्शन्स कॅनडाच्या स्थानिक ऑफिसात जाऊन स्पेशल बॅलट केला, शेवटची वेळ सहाची होती. त्यात छापील नावं नसतात, कोरी जागा असते, आपण उमेदवाराचं नाव लिहायचं. तिने विचारलं, पक्षाचं नाव लिहिलं तर चालेल का. तिथल्या बाईंनी सांगितलं, नाही, माणसाचंच लागतं. भिंतीवर यादी होती. ती जवळ गेली, चष्मा लावून पहिल्यापासून सगळी नावं वाचली, मग परत येऊन बसली आणि लिहिलं.